बाजेवरून अंगणात : हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीचा इतिहास

(इनामगाव, ता. शिरूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयात एक शब्द वारंवार येणार आहे, तो म्हणजे पुनर्वसन. पुणे जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की माणसाच्या डोळ्यांसमोर धरण उभं राहतं. गाव पाण्याखाली जातं, सरकार दुसरीकडे जमीन देतं, नवं गावठाण बसतं. म्हणजे आपलं घर सोडून परक्या जागी राहायला शिकणं. डॉक्टर मंडळी मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. छाती उघडून हृदयावर शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला, घरी आला. आता त्याने स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच शरीरात पुन्हा राहायला शिकायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की धरणग्रस्ताइतकाच तोही गोंधळलेला असतो. काय उचलू? किती चालू? जिना चढू का? झोपू कोणत्या कुशीवर? आणि विचारायचं तरी कुणाला? ऑपरेशन केलेलं रुग्णालय तर पुण्यात, इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर.

आपण आज बघणार आहोत तो या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास. आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. पण "आराम करा" हा दोन शब्दांचा सल्ला कुठून आला, कसा बदलला, आणि अजूनही आपल्या घरांत का टिकून आहे, हे शोधणं आमच्या कामात बसतं.

पाय आणि माणूस

हे व्याख्यान इनामगावात होतं आहे, तेव्हा घोड नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडाला वगळून पुढे जाता येणार नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी, मधुकर ढवळीकर ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती इथे सापडली. घरं, चुली, धान्याची कोठारं, आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं.

प्रौढ माणसांना पुरताना इथे एक विलक्षण रीत होती. घोट्याखालचे पाय तोडले जात. अभ्यासकांचा तर्क असा, की मेलेल्याने उठून दूर जाऊ नये, त्याचं भूत होऊ नये, म्हणून हे केलं जात असावं. तर्कच आहे तो, पुरावा फक्त हाडांचा. पण तो खरा असेल, तर या गावातल्या सर्वात जुन्या रहिवाशांनी जिवंतपणाची एक साधी खूण मानली होती: जो चालतो तो जिवंत. मेलेल्याला थांबवायचं तर त्याचं चालणं काढून घ्यायचं.

आता पुढच्या तीन हजार वर्षांवर उडी मारू. विसाव्या शतकात जगभरच्या नामांकित रुग्णालयांनी हृदयरोग्याचं काय केलं? त्याला वाचवण्यासाठीच त्याचं चालणं काढून घेतलं. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला ते बघू.

अर्ध्या शक्तीचा नियम

त्याआधी आपल्याकडचं जुनं शास्त्र. आयुर्वेदात व्यायामाबद्दल एक फार सुंदर कल्पना आहे, अर्धशक्तीची. आपल्या बळाच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितलं आहे. निम्मं कसं मोजायचं? सुश्रुतसंहितेत त्याची खूण आहे: व्यायाम करताना श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की समजावं, अर्धं बळ वापरून झालं. इथे थांबावं.

बघा, घड्याळ नाही, यंत्र नाही, माणसाचं स्वतःचं शरीरच मोजमाप. आजचे फिजिओथेरपिस्ट काय शिकवतात? चालताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर चालणं फार हळू आहे, वाक्य पुरं करता येत नसेल तर फार जोरात. याला ते बोलण्याची चाचणी म्हणतात. सुश्रुत आणि हे दोघं शेजारी बसवले तर त्यांचं लगेच जमेल.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबायचं नाही. कारण त्याच अष्टांगहृदयात व्यायाम कोणी करू नये याची यादी आहे, आणि तिच्यात लहान मुलाच्या बरोबरीने म्हातारा माणूसही आहे. म्हणजे मोजमाप दिलं, पण म्हाताऱ्याला मोजमापाच्या बाहेरच ठेवलं. आपल्या घराघरांतली समजूत याच जातीची आहे. "आता वय झालं, बसा निवांत." ती केवळ प्रेमातून आलेली नाही, तिला शास्त्राचीही जुनी परवानगी आहे.

सहा आठवड्यांची बाज

आता पश्चिमेकडे. विल्यम हेबर्डेन नावाचे लंडनचे वैद्य. चालताना छातीत येणाऱ्या कळीचं, म्हणजे अंजायनाचं, पहिलं स्पष्ट वर्णन त्यांनी केलं. ते १७७२ मध्ये छापून आलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये निघालेल्या ग्रंथात त्यांनी एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. या गृहस्थाने रोज अर्धा तास लाकूड करवतायचं ठरवलं, आणि तो जवळजवळ बरा झाला. एका ओळीची नोंद. तिचा अर्थ लागायला दीडशे वर्षं गेली.

१९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवलं की हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही. तो वाचू शकतो. मग त्याला वाचवायचं कसं? पूर्ण विश्रांती. १९३९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मृतांची हृदयं तपासली आणि मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार व्हायला पाच-सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात असं मांडलं. यातून हिशेब झाला: जखम भरायला सहा आठवडे, तर रुग्ण सहा आठवडे पाठीवर. काही ठिकाणी रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवायचीही मुभा नव्हती.

या डॉक्टरांना आज हसणं सोपं आहे. पण त्यांचा तर्क बघा. हाड मोडलं की आपण हलवत नाही. मग हृदयाची जखम का हलवावी? उपमा बरोबर वाटते, पण एका ठिकाणी ती लंगडी पडते. मोडलेला हात गळ्यात अडकवला की थांबतो. हृदय थांबवता येत नाही. तुम्ही फक्त त्याच्या भोवतीचा माणूस थांबवता. हृदय धडधडतच राहतं, आणि माणूस मात्र वाळत जातो.

खुर्ची, बस आणि पाच विद्यार्थी

पहिला धक्का दिला एका खुर्चीने. बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना झटका आल्यानंतर लवकरच पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवलं. १९५२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. खुर्चीने रुग्ण दगावतील ही भीती खोटी ठरली. नुसतं बसवणं! आज त्यात क्रांती वाटत नाही, पण आडव्या माणसाला उभ्याच्या वाटेवर आणणारी ती पहिली पायरी होती.

दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. एकाच बसमध्ये दोन माणसं, एकाच पगाराच्या वर्तुळातली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला, कंडक्टरांत कमी. पुढे यावर वाद झाले, कारण नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांची कंबर मोठी असे, हे मॉरिस यांनी स्वतःच तपासलं. पण प्रश्न कायमचा विचारला गेला: बसून राहणं हे औषध आहे की आजार?

१९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. वय ६४. त्यांचे सल्लागार पॉल डडली व्हाइट हे चालण्या-सायकलीचे पुरस्कर्ते. अध्यक्ष हळूहळू कामावर परतले आणि पुढच्या वर्षी निवडणूक जिंकले. हृदयरोग झाला म्हणजे संपलं, ही समजूत सगळ्या जगाच्या देखत मोडली.

आणि मग १९६६ चा डॅलसचा प्रयोग. पाच निरोगी विद्यार्थी, विशीतले, तीन आठवडे नुसते पडून राहिले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, आणि दिसलं ते असं: तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या बाजेने नेली होती. हे तर तरुण. २००७ मध्ये अमेरिकेतच साठीपुढच्या निरोगी माणसांवर तसा अभ्यास झाला. फक्त दहा दिवस झोपून राहिल्यावर त्यांच्या पायांतून सरासरी जवळजवळ एक किलो मांस गेलं. तरुणाचं गेलेलं मांस परत येतं. म्हाताऱ्याचं गेलं, की आधी जिना जातो, मग शेत जातं, मग अंगणही जातं.

शस्त्रक्रिया आली, पाठराखण राहिली

आता मधे शस्त्रक्रिया येते. मे १९६७ मध्ये क्लीव्हलंडला अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या वाहिनीला वळसा घालून जोडली. आपण ज्याला बायपास म्हणतो, त्याचं रूप तिथून पक्कं झालं. आपला महाराष्ट्रही मागे नव्हता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, पहिलं हृदयप्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पण धाडस आणि कौशल्य दोन्ही इथे होतं.

योगायोग बघा. १९६८ मध्येच इनामगावला कुदळ लागली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, केईएमचेच डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेचा एक अभ्यास छापला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शवासन शिकवलं आणि अनेकांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. त्या अभ्यासात लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकर सहभागी होते. कैवल्यधाम १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी काढलं ते योग प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. म्हणजे हृदयाच्या रुग्णाने गोळीशिवाय आणखी काही करायचं असतं, आणि ते घरी, चटईवर करता येतं, हा विचार इथे पन्नास वर्षांपूर्वी छापून आलेला आहे.

तिकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्येच हृदयरोग्यांच्या पुनर्वसनावर अहवाल दिला होता. मग परदेशात केंद्रं निघाली. आठवड्यातून तीनदा यायचं, देखरेखीखाली चालायचं, सायकल मारायची, आहार शिकायचा, मनातली भीती बोलायची. फायदा स्पष्ट होता. पण केंद्र शहरात, आणि रुग्ण गावात. म्हातारी माणसं, बायका, लांबचे आणि गरीब, हेच कमी यायचे. ज्यांना गरज जास्त त्यांनाच वाट लांब.

तारेवरून आलेले ठोके

दुरून हृदयाकडे लक्ष ठेवायचं, ही कल्पना मोबाइलने आणलेली नाही. ईसीजीचे जनक विलेम आइन्टहोवेन यांचं यंत्र एवढं अवजड होतं की ते प्रयोगशाळेतून हलवणं शक्य नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये नेदरलंड्समधल्या लायडन शहरात त्यांनी रुग्णालयातल्या रुग्णाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणले आणि तिथे नोंदवले. ईसीजी जवळजवळ जन्मापासूनच दूरस्थ आहे!

१९८० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डचे रॉबर्ट डीबस्क आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून उठलेल्या रुग्णांना घरीच व्यायाम दिला आणि टेलिफोनवरून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. घरचा गट केंद्रातल्या गटाच्या बरोबरीने सुधारला. १९९२ मध्ये एडिंबरोच्या बॉब लुइन यांनी याहून साधी गोष्ट केली. सहा आठवड्यांची एक पुस्तिका, ऐकायच्या कॅसेट आणि मधूनमधून फोन करणारा एक प्रशिक्षित माणूस. १७६ रुग्णांच्या अभ्यासात पुस्तिकावाल्यांची चिंता कमी झाली आणि डॉक्टरकडच्या खेपाही घटल्या. लक्षात घ्या, यंत्र काहीच नव्हतं. होतं ते एवढंच: आज काय करायचं हे लिहिलेलं, आणि केलं का हे विचारणारं कुणीतरी.

पुढे अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले गेले. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २३ अभ्यास आणि २८९० रुग्ण होते. घरचं पुनर्वसन आणि केंद्रातलं पुनर्वसन यांत मृत्यू, ताकद, जगण्याची प्रत, यांत ठोस फरक दिसला नाही. यात एक पथ्य पाळलं पाहिजे. हे रुग्ण बहुतेक कमी धोक्याचे होते. ज्यांचं हृदय फार दुबळं आहे, ज्यांचे ठोके बिघडतात, त्यांना आधी देखरेखीखालीच चालवलं पाहिजे. घर हे सगळ्यांसाठी पहिलं पाऊल नाही.

महाराष्ट्राकडे काय आहे

आपल्याकडे साधनं काय आहेत, ते प्रामाणिकपणे मोजू.

पहिलं साधन, घरापर्यंत पोचणाऱ्या आरोग्यसेवेची परंपरा. याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण देऊन काम उभं केलं. २००२ पासून त्या भागातल्या गावांची घरोघर आरोग्यनोंद ठेवली जाते. शेजारी नगर जिल्ह्यात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये तेच केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या शिकवलेल्या बायकांच्या हाती नवजात बाळांची घरातली काळजी दिली. १९९९ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. जन्मलेल्या बाळाची काळजी जर घरात नीट घेता येते, तर ऑपरेशन झालेल्या आजोबांची का नाही? आणि याच अभय बंगांनी स्वतःच्या हृदयविकारावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. झटक्यानंतर माणसाला जगणं नव्याने रचावं लागतं, हे मराठी घरांत त्या पुस्तकाने जेवढं पोचवलं तेवढं क्वचितच कशाने पोचवलं असेल.

दुसरं साधन, पैसा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर आली. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे ज्याने बायपासचा विचारही केला नसता असा शेतकरी ऑपरेशन करून घरी परतला. ही मोठी गोष्ट आहे. पण ऑपरेशन म्हणजे अर्धी वाट. पुढच्या बारा आठवड्यांचं चालणं शिकवणारा माणूस त्याला क्वचितच भेटतो.

तिसरं साधन, पुरावा. भारतात २४ रुग्णालयांत झालेला योग-केअर नावाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका आलेले ३९५९ रुग्ण. निम्म्यांना बारा आठवड्यांत योगाचे तेरा वर्ग आणि घरी सराव. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत ठोस फरक दिसला नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. पण योगाच्या गटाला आपली तब्येत अधिक बरी वाटली, आणि तो गट आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगल्या रीतीने परतला. आम्हाला हे दुसरं वाक्य हलकं वाटत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला तुम्ही विचारा, "आणखी किती वर्षं हवीत?" तो बहुतेक वेळा वर्षं सांगत नाही, काम सांगतो. "गोठ्यापर्यंत जाता आलं पाहिजे."

चौथं साधन, फोन. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, भारतात दुरून उपचार देण्याचे नियम अधिकृतपणे जाहीर झाले. ई-संजीवनी सेवा त्याआधीच सुरू झालेली होती. आज आरोग्य उपकेंद्रातून शहरातल्या डॉक्टरशी बोलता येतं.

थोडक्यात, सुटे भाग सगळे आहेत. गाडी जोडलेली नाही.

अंगणातला कार्यक्रम

जोडली तर कशी दिसेल? शहरातली पुस्तिका इथे जशीच्या तशी चालणार नाही. पुस्तिका म्हणते, पहाटे फिरायला जा. शिरूरच्या उसात बिबट्या आहे. पहाटे एकट्या म्हाताऱ्याला बांधावर पाठवणं हा उपचार नाही. तेव्हा चालणं उजेडात, आणि अंगणात किंवा गावठाणाच्या रस्त्यावर. पुस्तिका म्हणते, जड उचलू नका. जड म्हणजे काय? छातीचं मधलं हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दोन-चार किलोच्या वर उचलू नये असं बहुतेक ठिकाणी सांगतात. भरलेला हंडा याच्या तिप्पट-चौपट. म्हणून सांगायचं ते "जड" नाही, सांगायचं ते "हंडा नाही, तांब्या चालेल. मोटरसायकलला किक नाही. म्हशीची धार नाही. जमिनीवरून उठताना हातावर भार नाही, खुर्चीवर बसा." खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा.

घरी पाठवण्याआधी सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजायचं. मग घरी पाच मिनिटांपासून सुरुवात, दर काही दिवसांनी थोडं वाढवायचं. मोजमाप कशाने? नाडीने, हे सोपं उत्तर. पण यातल्या अनेक रुग्णांना नाडी मंदावणाऱ्या गोळ्या असतात, त्यामुळे दमलं तरी नाडी वाढत नाही आणि आकडा फसवतो. तिथे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची दमण्याची मोजपट्टी कामी येते. सहा ते वीस असे अंक. रुग्णाने स्वतः सांगायचं, किती दम लागला. आणि अंक जमत नसतील, तर सुश्रुत आहेच: श्वास तोंडाने यायला लागला की थांबा.

आठवड्यातून एकदा फोन. फोन करणाऱ्याने चारच गोष्टी विचारायच्या: किती चाललात, गोळ्या चुकल्या का, झोप कशी, मन कसं. हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑपरेशननंतर उदास होणं फार सामान्य आहे, आणि आपल्याकडे म्हाताऱ्याची उदासी ही वयाचा भाग म्हणून सोडून दिली जाते. उदास माणूस चालत नाही, गोळी घेत नाही. शिवाय धोक्याच्या खुणा भिंतीवर चिकटवलेल्या हव्यात: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, भोवळ, जखमेतून पाणी किंवा लाली, छातीच्या हाडात कटकट, ताप, पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. यातलं काही झालं तर आठवड्याच्या फोनची वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर, छातीत दुखणं, धाप किंवा भोवळ असेल तर थेट १०८.

आता बायकांबद्दल. आपल्या घरात पुरुषाचं ऑपरेशन झालं तर त्याला फार आराम मिळतो, आणि बाईचं झालं तर फार कमी. तो वाळतो बाजेवर, ती पंधरा दिवसांत चुलीपुढे. दोघांचंही चुकतं, उलट्या दिशांनी. घरातलं काम म्हणजे व्यायाम झाला, असं तिला सांगितलं जातं. नाही. कामात थांबायची मुभा नसते, आणि अर्धशक्तीचा सगळा अर्थ थांबण्यात आहे.

एक आक्षेप

शेवटी एक गंभीर आक्षेप. "घरी पुनर्वसन" हे गोड नाव देऊन व्यवस्था आपली जबाबदारी घरावर ढकलते आहे का? रुग्णालयाचा खर्च वाचला, पण सुनेचा दिवस गेला. फोनवाल्याने विचारलं "चाललात का", आणि न चालण्याचा दोष रुग्णाच्या माथी बसला. हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. दूरस्थ या शब्दात दूर आहे. दूर राहून काळजी घेणं आणि दूर राहून हात झटकणं, फोनवर दोन्ही सारखीच ऐकू येतात.

फरक ओळखायचा कसा? आमच्या मते एका प्रश्नाने: फोन न लागल्यावर कोण येतं? काळजी असेल तिथे रुग्णाने तीन दिवस फोन उचलला नाही तर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या ताई दारात उभ्या राहतात. आणि त्या ताईंना त्याचा मोबदला मिळतो, सेवाभाव म्हणून फुकट राबवलं जात नाही. हे नसेल, तर ते पुनर्वसन नाही, नुसता हजेरीपट आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये एक विचार मांडला. निरोगी असणं म्हणजे पूर्वीसारखं होणं नव्हे. बदललेल्या परिस्थितीत स्वतःसाठी नवे नियम घडवता येणं म्हणजे निरोगी असणं. आपला शब्द त्याहून जुना आहे, स्वस्थ. जो स्वतःत स्थित आहे तो. गंमत अशी, की मराठीत आपण त्याचा अर्थ पार बदलून टाकला. आज "स्वस्थ बस" म्हणजे हलू नकोस. तब्येतीसाठी असलेला शब्द आपण थांबण्यासाठी वापरायला लागलो, आणि त्याबरोबर समजूतही तशीच झाली.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, वस्तीवर असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर रुग्णालयातून निघण्याआधी डॉक्टरांना "आराम किती दिवस" हा प्रश्न विचारू नका. विचारा, "पहिल्या आठवड्यात किती मिनिटं चालायचं, दुसऱ्यात किती, आणि अडलं तर कोणाला फोन करायचा?" उत्तर कागदावर लिहून घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी उपकेंद्रात एवढी चौकशी करावी, की गेल्या वर्षभरात आपल्या गावात अशी किती माणसं ऑपरेशन करून परत आली आणि त्यांच्याकडे कोण जाऊन आलं. तो आकडा काढायला यंत्र लागत नाही, एक वही पुरते.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना उभं राहून विचारायचं आहे त्यांनी सावकाश उठावं, घाई नाही.